नाथाजीच्या वाढदिवसाचा बोर्ड

माळेवाडी, २५ एप्रिल

दादा,

तुमच्या पाया पडतो आणि लिहायला घेतो. तुमचा फोन बंद लागायला लागल्यापासून वहिनी सारखा माझा मोबाईल मागून घेते आणि बघून परत देते. पुढे गेल्यावर मोबाईल जमा करतील, पत्र मात्र पोचतं, असं तुम्ही शेवटच्या फोनवर म्हणाला होता, म्हणून हा कागद. मला पत्राची सवय नाही. दुकानात दिवसभर दुसऱ्यांची नावं आणि शुभेच्छा टाईप करतो, तेवढंच माझं लिहिणं. बारावी अर्धी सोडली तेव्हापासून वहीला हात लावलेला नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घरी सगळे बरे आहेत. उसाला पाणी चालू आहे. गावात मात्र दुसरं बोलणंच नाही. डेअरीत, गिरणीत, देवळापुढं, सगळीकडे एकच, लढाई होणार का. लालासाहेब सुभेदारांना रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण परवापासून ते पुन्हा कडक इस्त्रीचा शर्ट घालून फिरतात. ज्यांच्या घरातलं कुणी मिलिटरीत नाही ते मोठ्यानं बोलतात. आपल्यासारखी घरं गप्प असतात.

प्रियाला सुट्टी लागली. ती आणि नाथाजीदादाचा शिवतेज दिवसभर गोठ्यामागं लढाई खेळतात. पाचटाचा बंकर केलाय. शिवतेज म्हणतो, माझे पप्पा पुढं असतात, तुझे मागं. ही म्हणते, माझे पप्पा हवालदार, तुझे नाईक, पुढं कोण जाणार ते माझे पप्पा ठरवणार. मग मारामारी. काल त्यांचं भांडण निराळंच होतं. मेलेल्या माणसानं परत कधी उठायचं? शिवतेजच्या मते पन्नास म्हटल्यावर. हिचं म्हणणं शंभर, कारण पन्नासमध्ये माणूस नीट मरत नाही.

दुपारी तिला मी औंधला दुकानात घेऊन जातो. फ्लेक्स छापताना मशीनमधून माणसाचा चेहरा थोडा थोडा बाहेर येतो, ते बघायला तिला आवडतं. आधी केस, मग कपाळ. डोळे यायच्या आत कोण ते ओळखायचं, असा तिचा खेळ आहे.

एक विचारायचं होतं. तिकडं खरं कसं आहे? घरात वाचायच्या पत्रात लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा.

तुमचा,
वीरधवल

ता. क. प्रियानं विचारायला सांगितलंय, लढाई चालू असली तर दुपारी जेवायची सुट्टी होते का.


३ मे

वीरू,

सोबतचा कागद घरात सगळ्यांपुढं वाच. त्यात मी थंडी, डाळभात आणि व्हॉलीबॉलचं लिहिलंय. हा कागद तू एकट्यानं वाच आणि चुलीत टाक.

इथं बरं नाही. कधी काय होईल सांगता येत नाही. वरच्या गावातली माणसं गुरं सोडून खाली गेली. प्रियाएवढी एक पोरगी रोज आमच्या चौकीजवळून पाणी न्यायची. आम्ही तिला बिस्किटं द्यायचो, ती बिस्किट घेऊन जीभ दाखवायची. रात्री दोन्हीकडून तोफा चालल्या. सकाळी ती कळशी घेऊन आली आणि आमच्याकडं न बघता गेली. मी हाक मारली. थांबली नाही. जखम कुठंच नव्हती. फक्त तिनं आमच्याकडं बघणं सोडलं होतं. मला त्या दिवसापासून जेवण जात नाही.

म्हणून तुला सांगतो. प्रियाला यातलं काही कळता कामा नये. टीव्हीपुढं बसू देऊ नको. वाईट बातमी आली, आपली असो नाहीतर गावातल्या दुसऱ्या कुणाची, तिच्या कानावर जाऊ देऊ नको. खोटं सांगावं लागलं तर सांग. रेश्माच्या तोंडावर सगळं दिसतं, तिला जमणार नाही. तुला जमेल. नऊ वर्षांची आहे, अजून थोडे दिवस तिला तशीच राहू दे.

जेवायची सुट्टी होते म्हणावं. दोन्हीकडची माणसं एकाच वेळी जेवतात.

हंबीरराव


माळेवाडी, १९ मे

दादा,

तुमच्यापर्यंत बातमी आली असेल. नाथाजीदादा गेला.

गावात दुपारी कळलं. लालासाहेबांनी नेहमीप्रमाणे सगळं हातात घेतलं. माणसं पाठवून नाथाजीदादाच्या घराची केबल तोडली. घरातले दोन्ही मोबाईल 'आधार अपडेट करायचंय' म्हणून मागून नेले. ते म्हणाले, "बॉडी उद्या पुण्यासनं येणार. आज कळलं तर रातभर त्या बाईनं काय करायचं? रात तेवढी निभू द्या." तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं हे असंच करतात. घरातल्यांना शेवटी सांगायचं. पण त्या दिवशी संध्याकाळीच घरात कळलं. कसं ते नक्की सांगता येत नाही. अशा गोष्टी बाहेर पडतातच.

दुसऱ्या दिवशी गर्दी एवढी होती की फाट्यापासून गाड्या लावल्या होत्या. शाळेची सुट्टी असून गुरुजींनी पोरं बोलावली, हातात झेंडे दिले आणि ओळीत उभी केली. शिवतेजला कुणीतरी साताऱ्याहून लहान मापाचा युनिफॉर्म आणून घातला. सॅल्यूट कसा करायचा ते लालासाहेबांनी त्याला गोठ्यामागं नेऊन शिकवलं. त्यानं केला, पण एका चॅनेलवाल्याचा कॅमेरा तेव्हा दुसरीकडं होता. तो म्हणाला, "बाळा, परत एकदा." शिवतेजनं परत केला. सगळे म्हणाले, पोरगं वाघ आहे. मला त्याच्या पायातले बूट दिसत होते. ते मोठे होते, पुढं कापूस भरला होता.

प्रिया तिथं नव्हती. ती घरी होती. ती बरी आहे. थोडी गप्प आहे.

तुम्ही जपून राहा.

वीरधवल


२७ मे

वीरू,

लढाई थांबली असं टीव्हीवाले सांगतायत म्हणे. आम्हाला अजून मोबाईल परत दिलेले नाहीत आणि आम्ही जागचे हललेलो नाही. त्यामुळं आमच्यापुरती थांबली की नाही ते माहीत नाही.

शेजारच्या वाडीतला अर्जुना रजा अर्धी टाकून परत आला. नाथाजीच्या मातीला तो होता. रात्री जेवताना मला म्हणाला, "हंबीरराव, तुमच्या पोरीनंच बातमी फोडली की. नाथाजीच्या बायकोला हसत जाऊन सांगितलं." मी ताट ठेवलं आणि त्याची कॉलर धरली. बाकीच्यांनी सोडवलं. तो म्हणाला, "मला का मारता, समदं गाव म्हणतंय."

तुझं पत्र परत काढून वाचलं. 'ती बरी आहे. थोडी गप्प आहे.' तू लहान होतास तेव्हापासून बघतोय, काही लपवायचं असलं की तुझं बोलणं आखूड होतं. नाथाजी माझ्याबरोबर भरतीला पळाला होता. त्याचं काय झालं ते मला इथं सांगितलंय, ते मी तुला लिहीत नाही. पण माझ्या घरात काय झालं ते मला कळायला पाहिजे. सरळ लिही.

हंबीरराव


माळेवाडी, ५ जून

दादा,

लिहितो. आधी लिहिलेले कागद फाडले, हा फाडणार नाही.

त्या दुपारी मी दुकानात होतो आणि प्रिया माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. लालासाहेबांचा फोन आला. "वीरू, नाथाजी गेला रं. घरात कळू द्यायचं न्हाई. तू बोर्ड घे करायला, उद्या गाडी यायच्या आत फाट्यापास्नं लागलं पायजेत. आन् हुद्दा, बटालियन नीट लिव. मागल्या टायमाला आपली शोभा झालती." मग फोटो आला. मी तो स्क्रीनवर उघडला. माझं डोकं चालत नव्हतं, नाहीतर तिच्यापुढं उघडला नसता.

ती स्टुलावरून उतरून जवळ आली. म्हणाली, "नाथाकाका. ह्यांचा बोर्ड कशाला?"

तुमचं पत्र आदल्याच दिवशी चुलीत टाकलं होतं. मी म्हणालो, "वाढदिवस हाय."

ती हरखली. "एवढा मोठा बोर्ड? मग खाली लिव की." ती सगळं वाचते, दादा. तिच्यासमोर मला 'भावपूर्ण' टाईप करता येईना. मग एका पोराच्या वाढदिवसाचं जुनं डिझाईन उघडलं आणि त्याचा चेहरा काढून नाथाजीदादाचा बसवला. वर 'हार्दिक शुभेच्छा' होतंच. "फुगं टाक," म्हणाली. टाकले. "लाल नगं, शिवतेजला निळं आवडत्यात." निळे केले. मालक मागं येऊन उभे होते. त्यांनी स्क्रीन बघितली आणि बाहेर निघून गेले.

गावाकडची जीप आली तेव्हा तिला बसवून दिलं. सांगितलं, कुणाला बोलू नको, सरप्राईज हाय. मला वाटलं, एवढ्यावर निभावलं. ती गेल्यावर फुगे काढले, अक्षरं बदलली, बाजूनं काळी पट्टी टाकली. फोटो तोच राहिला. नाव, हुद्दा, बटालियन, सगळं परत परत तपासलं. बोर्डावर काही चुकलं नव्हतं.

तिनं कुणालाच सांगितलं नाही. फक्त शिवतेजला सांगितलं. तो नाचत घरात गेला. वहिनी तेव्हा त्यांच्या दारात उभी होती, कारण लालासाहेबांनी बायकांना सहज आल्यासारखं दाखवून तिथं बसायला सांगितलं होतं. पुढचं वहिनीनं सांगितलेलं लिहितो.

शिवतेजची आई भाकरी थापत होती. शिवतेज म्हणाला, "आई, पप्पांच्या वाढदिवसाचा बोर्ड निघालाय औंधला. लय मोठा हाय." तिनं प्रियाकडं बघितलं. "कुणी सांगितलं गं?" प्रिया म्हणाली, "काकानं. मी बघितला काकी, निळं फुगं हायत. तुमाला सरप्राईज हाय." आणि हसली. दुसरं काय करणार, आनंदाची गोष्ट सांगत होती.

नाथाजीदादाचा वाढदिवस दिवाळीत असतो. ती बाई पिठाच्या हातानं तशीच उठून अंगणात आली. लालासाहेब तिथं खुर्ची टाकून बसले होते. "आवं भाऊजी, त्यांचा बोर्ड कशाचा निघालाय?" त्यांनी मान खाली घातली. मग ती ओरडली. आपल्या घरापर्यंत ऐकू आलं. प्रिया तिथंच उभी होती, हसणं अजून पुरतं थांबलेलं नव्हतं, असं वहिनी म्हणते.

मी रात्री बोर्ड लावूनच घरी आलो. ती जागी होती. तिनं विचारलं, "फुगं टाकताना तुला म्हाईत हुतं?" मी व्हय म्हणालो. ती रडली नाही. म्हणाली, "पप्पांचा वाढदिवस करू नगं."

आता ती कशी आहे ते लिहितो. दुकानात येत नाही. दिवा मालवला की उठून बसते. वहिनी तिच्या पानातलं उरलेलं खाऊन उठते, दुसरं काही जेवत नाही. परवा औंधच्या चौकात एका पुढारी पोराचा बोर्ड होता, गॉगल घातलेला, हार घातलेला. प्रिया गाडीवर मागं बसली होती. म्हणाली, "काका, ह्यो कवा मेला?" मी म्हणालो, "मेला न्हाई गं, वाढदिवस हाय त्याचा." ती म्हणाली, "बरं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे मला कळलं.

तेरावं झाल्यावर शिवतेजची आई त्याला घेऊन माहेरी पलूसला गेली. जाताना प्रिया त्यांच्या दारापर्यंत गेली होती. शिवतेज गाडीत बसलेला. तो तिला म्हणाला, "तू हसत हुतीस." तेवढंच. गाडी गेली. त्यांचा फोन नाही, पत्ता नाही. मी पलूसचा नंबर मिळवून फोन केला होता, शिवतेजच्या आईनं आमचं नाव ऐकून तो ठेवला.

गावातली माणसं तिला पोरगी फटकळ आहे म्हणतात. मी डेअरीत सगळ्यांपुढं सांगितलं की चूक माझी आहे. लालासाहेब म्हणाले, "जाऊ दे रं गड्या, लहान हाय, इसरंल ती."

तुम्ही विचाराल, तिनं पत्र का लिहिलं नाही. तुमची पत्रं वाचून दाखवतो तेव्हा ती ऐकते. मग विचारते, "ह्यातलं खरं कंचं?" 

वीरधवल


१३ जून

वीरू,

पत्र मिळालं. तुला शिव्या द्यायला बसलो होतो, पण खोटं सांग असं तुला मीच लिहिलं होतं. कागद जाळायलाही मीच सांगितलं. अर्जुनाची माफी मागितली.

पोरीला काही समजावू नको. तुला आणि मला समजावता येण्यासारखं ते नाही. फक्त तिला दोन ओळी लिहायला सांग. काहीही लिहू दे, शिव्या लिहू दे. तिच्या हातचं अक्षर बघितल्याशिवाय मला इथं उभं राहवत नाही.

हंबीरराव


माळेवाडी, २३ जून

दादा,

चांगली बातमी आहे. शाळा सुरू झाली आणि प्रियानं काल स्वतःहून कागद मागितला. दार लावून बसली, संध्याकाळपर्यंत लिहीत होती. मी एक अक्षरही सांगितलेलं नाही. तिनं पाकीट स्वतः चिकटवलं, म्हणून मी वाचलेलंही नाही. देताना माझ्याकडं बघून हसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मला वाटतं, ती यातून बाहेर येतेय. वहिनीलाही तसंच वाटतं. सोबत पाठवतो.

वीरधवल


माळेवाडी

प्रिय पप्पा,

तुम्ही कसे आहात? आम्ही सगळे मजेत आहोत. मी पण मजेत आहे.

आमची शाळा चालू झाली. नवीन बाई चांगल्या आहेत. शिवतेजचा पलूसहून रोज फोन येतो. आम्ही खूप बोलतो. तो म्हणाला, दिवाळीला आलो की परत बंकर करू. त्याची आई पण आता बरी आहे, ती मला खाऊ पाठवणार आहे.

मी सुट्टी असली की काकाच्या दुकानात जाते. फोटो बाहेर येताना बघते. मला अजून डोळ्यांच्या आधी ओळखता येतं. काका माझ्यावर कधी रागावत नाही आणि मी पण त्याच्यावर रागावले नाही.

आई रोज पोटभर जेवते. काल तिनं दोन भाकरी खाल्ल्या. मला रात्री लगेच झोप लागते. दिवा लागत नाही.

इकडची काही काळजी करू नका. तुम्ही वेळेवर जेवत जा आणि थंडीत टोपी घालत जा. लढाई संपली हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आम्ही घाबरत नाही.

तुमची लाडकी,
प्रियदर्शनी


४ जुलै

प्रिया बाळ,

तुझं पत्र आलं. बरेच वेळा वाचलं. अक्षर खूप सुधारलंय. माझ्या बरोबरच्यांना दाखवलं, ते म्हणाले, हवालदारसाहेब, पोरगी किती समजूतदार आहे. मी हो म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

बाळ, शिवतेज फोन करत नाही. तू दुकानात जात नाहीस. आई जेवत नाही. काकानं मला सगळं लिहिलं होतं. तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, हे मी ओळखलं. मी रागावलो नाही. मी एवढी वर्षं घरी असंच लिहीत आलोय. तू विचारतेस ना, पप्पांच्या पत्रात खरं काय असतं? खरं थोडंच असतं. आज सगळं खरं लिहितो.

नाथाकाकांच्या घरी जे झालं त्यात तुझी चूक नव्हती. काकाची पण नव्हती. तुला काही कळू देऊ नको, खोटं सांग, असं त्याला मी लिहिलं होतं. मला वाटलं होतं, तू लहान राहशील.

इथं लढाई चालू असताना कुणी जेवायला थांबत नाही. नाथाकाका जेवतच होते.

मला भीती वाटते. तोफा थांबल्यात तरी वाटते. परवा स्वयंपाकघरात कुणाच्या हातून पातेलं पडलं, तर मी चिखलात पालथा पडलो. सगळे हसले, मीही हसलो. दिवा मालवल्यावर मलाही झोप येत नाही. आमच्याकडं दिवा लावायला परवानगी नाही, म्हणून मी नुसता डोळे उघडे ठेवून पडतो. तू बसतेस तेव्हा तिकडं मीही जागा असतो, एवढं धर.

मी कधी येईन ते मला माहीत नाही. येईनच असं मी आत्तापर्यंत दर पत्रात लिहिलं, ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. यायची इच्छा आहे, एवढं खरं.

आता यापुढं मी तुला खोटं लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. काय वाटतं ते लिही, राग आला असेल तर तो लिही.

फक्त हे पत्र आईला दाखवू नकोस. तिला सोसवणार नाही. तिनं विचारलं तर सांग, पप्पा मजेत आहेत, व्हॉलीबॉल खेळतात. तू सांगितलंस तर तिला खरं वाटेल. आता तुला ते चांगलं जमतं.

तुझे,
पप्पा